फारकतीचा कागद

‘फारकत’ हा शब्द आज आपण नवरा-बायकोच्या ताटातुटीपुरता वापरतो. जुन्या मराठी कागदपत्रांत त्याचा संचार अधिक मोठा होता. अरबी-फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ मोकळे केल्याचा लेख. कर्ज फिटले म्हणजे सावकाराने ऋणकोस लिहून द्यावयाची ती फारखत. आणि नवऱ्याने बायकोवरील हक्क सोडल्याचे लिहून दिले तर तीही फारखतच. दोन्ही कामांस एकच शब्द योजणाऱ्या आपल्या पूर्वजांनी केवळ काटकसर केली असे आम्हांस पूर्वी वाटे. हल्ली तसे वाटत नाही.

ह्यास कारण आमची नोकरी. केंद्र सरकारच्या एका खात्यात, दिल्लीस, आस्थापना शाखेत आम्ही कारकुनी करतो. पगारावरील जप्तीचे हुकूम आमच्या टेबलावरून जातात. वर्तणूक नियमांच्या पुस्तकात कर्जबाजारीपणा आणि नादारी ह्यांचा नियम सतरावा, आणि विवाहाविषयीचा नियम एकविसावा. मध्ये तीन नियमांचे अंतर आहे. प्रत्यक्ष संचिकेत मात्र हे अंतर राहत नाही. एका कर्मचाऱ्याच्या संचिकेत पतपेढीच्या थकबाकीचा हुकूम आणि पत्नीच्या पोटगीचा हुकूम एकाच टाचणीने टोचलेले आम्ही पाहिले. कायदा ह्या दोन देण्यांत भेद करतो. सावकाराच्या हुकूमनाम्यापासून पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश वाचतात. पोटगीच्या हुकूमनाम्यापुढे पगाराचा एक-तृतीयांशच काय तो वाचतो. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने नादारास देण्यांतून मुक्त केले तरी फौजदारी न्यायालयाने ठरविलेली पोटगी त्याच्या मानेवरून उतरत नसे, आणि २०१६ च्या संहितेनेही पोटगीचे देणे माफ होणाऱ्या देण्यांतून वगळले आहे. हे सर्व आम्ही नियमांचे आकडे घालून टिपणीत लिहिले. जे लिहिता आले नाही ते असे, की ह्या गृहस्थाचे घर कर्जाने मोडले, की घर मोडल्याने त्यास कर्ज झाले? संचिकेतील कागदांवर तारखा हुकुमांच्या असतात, दुःखाच्या नसतात.

ह्या प्रश्नाचा माग काढावयाचा तर असे एखादे घर हवे, की ज्यातील पैशाचे आणि मनाचे कागद दिवसवार शिल्लक आहेत. असे एक घर आमच्या माहितीत आहे. ते रोम शहरातले असून दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्या घराचा धनी मार्कस टुलियस सिसेरो. वक्ता, वकील, एके काळचा कॉन्सल, आणि पत्रे लिहिण्याचे व्यसन असलेला मनुष्य. अ‍ॅटिकस नावाच्या सधन मित्रास त्याने वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. मित्राने ती जपली. लॅटिन आम्हांस येत नाही. इंग्रजी भाषांतरावरून, रविवारच्या दुपारी ग्रंथालयात बसून, जेवढे कळले तेवढ्यावर हा लेख उभा आहे.

प्रथम त्या काळच्या कायद्याचे थोडे सांगणे प्राप्त आहे. सिसेरोच्या काळी रोममध्ये विवाह मोडण्यास न्यायालयाची पायरी चढावी लागत नसे. उभयतांपैकी कोणीही दुसऱ्यास निरोप धाडावा, की विवाह संपला. परंतु विवाहाबरोबर हिशेब संपत नसे. वधूकडून आलेला हुंडा विवाह टिके तोवर नवऱ्याच्या मालकीचा. विवाह मोडला की तो परत करावयाचा. रोख रकमेचा हुंडा देताना सामान्यतः तीन वार्षिक हप्त्यांत देत, आणि परत करतानाही तीन वार्षिक हप्त्यांत करीत. बायकोच्या बाजूने विनाकारण निरोप गेला तर नवऱ्यास मुलांच्या नावाने दर मुलामागे एक-षष्ठांश, फार तर निम्म्यापर्यंत, ठेवून घेता येई. म्हणजे निरोप कोणी आधी धाडला ह्यास पैशाचे मोल होते. हुंड्याखेरीज बायकोची स्वतःची मालमत्ता वेगळी असे आणि तीवर नवऱ्याचा हक्क नसे. आपल्या याज्ञवल्क्यस्मृतीत दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्याची सक्ती नाही. रोमन कायदा हुंड्याच्या बाबतीत इतका मऊ नव्हता. तेथे सोडलेली बायको ही हिशेबाच्या वहीत एक धनको होऊन बसे. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने तर तिला इतर धनकोंच्याही पुढे नेऊन बसविले.

आणि दिवाळे? ज्याचे देणे फिटत नसे त्याची सर्व मालमत्ता एकगठ्ठा लिलावात जाई आणि त्याच्या नावाला कायद्याने बट्टा लागे. साध्या दुकानदारापेक्षा सेनेटरास ह्याचे भय अधिक. नाव गेले की आसनही गेले.

सिसेरो कर्जास नवखा नव्हता. इसवी सनापूर्वी ६२ साली (ह्यापुढील सर्व साले इसवी सनापूर्वीची समजावीत) त्याने पॅलाटाइन टेकडीवर पस्तीस लाख सेस्टर्सांना घर घेतले ते बव्हंशी उसन्या पैशांवर. त्याच वर्षी एका मित्रास त्याने थट्टेने लिहिले, की आपण इतके कर्जात बुडालो आहोत की कोणी घेईल तर एखाद्या कटात सामील व्हावे म्हणतो. आदल्याच वर्षी कर्जबाजारी सरदारांचा कट मोडून त्याने कीर्ती मिळविली होती, हे लक्षात घेतले म्हणजे थट्टेची चव कळते. त्याची पत्नी टेरेन्शिया ही श्रीमंताघरची. प्लूटार्क सांगतो की तिचा हुंडा एक लाख दीनारींचा, म्हणजे चार लाख सेस्टर्सांचा होता. शिवाय तिची स्वतःची घरे आणि रानेही होती. ५८ साली सिसेरोस हद्दपार व्हावे लागले, त्याचे घर जाळले गेले, मालमत्ता जप्त झाली, तेव्हा टेरेन्शिया आपली एक मिळकत विकण्यास निघाली. सिसेरोने परदेशातून रडत तिला लिहिले की तसे करू नकोस, आपल्या मुलाचे पुढे काय होईल? कर्ज आले की घर मोडतेच असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र वाचावे. त्या वर्षी ह्या घरात पैसा नव्हता, आणि घर मुळीच मोडत नव्हते.

पुढे काय बिघडले? आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील वाचकांस ह्याचे उत्तर लवकर पटेल. ५१ साली सिसेरोची नेमणूक सिलिशिया प्रांतावर, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण भागात, झाली. ही नेमणूक त्यास मुळीच नको होती. मुदत वाढू नये म्हणून तो मित्रांमागे सारखा लागला होता. कारभार मात्र त्याने स्वच्छ केला. वर्षअखेरीस उरलेले दहा लाख सेस्टर्स सरकारी तिजोरीत परत भरले तेव्हा त्याच्या हाताखालची मंडळी कुरकुरली, की ही रक्कम आपल्यांत वाटावयास हवी होती. अखर्चित रक्कम परत करणाऱ्या अधिकाऱ्याची लोकप्रियता त्याही काळी बेताचीच असे. स्वतःच्या हक्काचे म्हणून बावीस लाख सेस्टर्स त्याने इफेसस येथे ठेवले.

घरी मात्र दोन गोष्टी घडत होत्या. टेरेन्शियाचा कारभारी फिलोटिमस हिशेबात घोळ करतो अशी शंका सिसेरोस आली. ती त्याने अ‍ॅटिकसला ग्रीक कोड्यांच्या भाषेत कळविली, म्हणजे पत्र वाटेत कोणी उघडले तर कळू नये. दुसरी गोष्ट मुलीच्या लग्नाची. टुलिया ही त्याची लाडकी लेक. तिचा पहिला नवरा वारला होता आणि दुसऱ्याशी तिची फारकत झाली होती. तिसऱ्या स्थळाचा शोध चालू होता. सिसेरोच्या मनात एक मुलगा भरला होता आणि त्याने घरी तसे कळविलेही; परंतु निरोप पोचला तेव्हा टेरेन्शिया आणि टुलिया ह्यांनी परस्पर पब्लियस कॉर्नेलियस डोलाबेलाशी साखरपुडा उरकला होता. डोलाबेला तरुण, देखणा, बोलघेवडा आणि कर्जबाजारी. त्यातच ज्या माजी गव्हर्नरची मर्जी राखण्यासाठी सिसेरो गोड पत्रे लिहीत होता त्याच्यावरच डोलाबेलाने खटला भरला होता. सिसेरोने हातातली पत्रे तशीच पुढे चालविली आणि जावई पसंत केला. दूर नेमणुकीवर असलेल्या बापास आणखी काय करता येते?

४९ साली यादवी पेटली. सीझरकडून घेतलेले आठ लाखांचे कर्ज सिसेरोच्या डोक्यावर होतेच; राजकारणात ज्याला विरोध करावयाचा त्याचाच ऋणको असणे किती लाजिरवाणे, हे त्याने आदल्या वर्षी अ‍ॅटिकसला लिहून ठेवले आहे. तरी तो पाँपीच्या पक्षास मिळाला आणि इफेससची बावीस लाखांची ठेव पाँपीच्या युद्धखर्चात गेली. पाँपी हरला. इकडे इटलीत पत नावाची वस्तू नाहीशी झाली होती. जमिनीच्या किंमती कोसळल्या, रोख पैसा लोकांनी पुरून ठेवला. सीझरने तोड काढली, की युद्धापूर्वीच्या किंमतीने मिळकती धरून देणी फेडावी आणि दिलेले व्याज मुदलातून वजा करावे. ह्यात धनकोंचे सुमारे चौथा हिस्सा बुडाले असे सुएटोनियस म्हणतो. ऋणकोंस तेवढ्याने समाधान नव्हते. ४७ साली एका ट्रिब्यूनने सर्व कर्जे रद्द करण्याचा ठराव मांडला आणि फोरममध्ये रक्तपात झाला.

हा ट्रिब्यून म्हणजे डोलाबेला.

सिसेरो त्या वेळी ब्रंडिझियम बंदरात अडकून पडला होता. सीझरची क्षमा मिळेपर्यंत रोमला जाण्याची सोय नव्हती. तेथील अकरा महिन्यांची पत्रे आम्ही दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचवत नाहीत. टुलियाच्या हुंड्याचे दोन हप्ते डोलाबेलास पोचले होते. दुसरा हप्ता देताना आपण आंधळे होतो असे सिसेरो स्वतःच म्हणतो. तिसरा यावयाचा होता. जावई उधळ्या, बाहेरख्याली. मुलगी पैशाच्या तंगीत. जून महिन्यात ती बापास भेटावयास ब्रंडिझियमला आली, तेव्हा तिला पाहून आनंद होण्याऐवजी आपल्यामुळे तिची ही दशा झाली ह्याचेच त्यास वाईट वाटले. घरातील चांदी आणि सामान ह्यांतून तिच्यासाठी काही तजवीज कर, असे त्याने अ‍ॅटिकसला विनविले.

आणि जुलैत ते पत्र येते. सिसेरोच्या कानी आले की डोलाबेला क्लोडियसचा पुतळा उभारण्याच्या खटपटीत आहे. क्लोडियस म्हणजे सिसेरोस हद्दपार करणारा, त्याचे घर बेचिराख करणारा वैरी. एकीकडे त्याचा पुतळा, दुसरीकडे कर्जमाफी, आणि हे करणारा कोण, तर आपलाच जावई! सिसेरोने ठरविले की फारकतीचा निरोप धाडावा. परंतु त्याच पत्रात पुढे तो हिशेबाकडे वळतो. डोलाबेला तिसरा हप्ता मागेल. तो मागेपर्यंत थांबावे, की आधीच निरोप धाडावा? एक-दोन दिवसांतच टेरेन्शियास लिहिलेल्या पत्रात भीतीही डोकावते. ह्या मनुष्याची सत्ता आज किती आहे, जमाव किती खवळला आहे, आपणास ठाऊक नाही. तो रागावला तर भय आहे असे वाटले तर गप्प राहा, कदाचित निरोप त्याच्याकडूनच येईल. जे कमीत कमी दुःखाचे दिसेल ते तू कर.

आमच्या मते रोमन कायद्यावरील पुस्तकांपेक्षा ह्या दोन पत्रांत अधिक कळते. मोडावयाचा तो विवाह एका निरोपाने मोडता येत होता. बापाचे मन झाले होते, मुलीचे हाल होत होते. तरी विवाह मोडला नाही, कारण तो मोडणे परवडत नव्हते. हुंडा परत देण्याची वेळ ज्याच्यावर येणार तो स्वतःच जमावापुढे उभा राहून कर्जे रद्द करावयास निघाला होता. कर्जे रद्द झाली असती तर इतर देण्यांबरोबर टुलियाच्या हुंड्याचे काय झाले असते, हे सिसेरोसारख्या वकिलास कोणी समजावून सांगावयास नको होते. पुढे अँटनीने सैन्य आणून जमाव पांगविला. आठशे माणसे मेली अशी नोंद आहे. सीझर परत आला, त्याने डोलाबेलास क्षमा केली, वर एक वर्षाच्या घरभाड्यात सूटही दिली. क्षमा झालेल्या जावयास निरोप धाडणे आता अधिकच कठीण झाले. टुलिया आणखी वर्षभर त्याची बायको राहिली.

एक विवाह असा कर्जाने धरून ठेवला. दुसरा कर्जानेच मोडला. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅटिकसने टेरेन्शियास सांगितले होते की शिल्लक बारा हजार सेस्टर्स ब्रंडिझियमला पाठवा. तिने दहा हजार पाठविले आणि हीच शिल्लक आहे असे लिहिले. एवढ्याशा रकमेत ही इतके काढते तर मोठ्या रकमेत काय करीत असेल, असे सिसेरोने अ‍ॅटिकसला लिहिले. दोन हजारांची ही गोष्ट आम्हांस फार भयंकर वाटते. ज्या बाईने अकरा वर्षांपूर्वी नवऱ्यासाठी आपली मिळकत विकावयास काढली, तिच्याविषयी दोन हजारांचा संशय! हे दोन हजार तिने घेतले, की घरात युद्धाच्या दिवसांत खर्चास लागले? टेरेन्शियाची पत्रे कोणी जपली नाहीत. सिसेरोची तिला लिहिलेली पत्रे आहेत, तिचे एकही उत्तर नाही. ऑक्टोबरातले शेवटचे पत्र तर चार ओळींचे आहे. आम्ही येत आहोत, बरोबर पाहुणे असतील, न्हाणीघरात टाकी नसेल तर बसवून घ्या. तीस वर्षांहून अधिक झालेल्या संसाराचा पत्रव्यवहार न्हाणीघरापाशी संपतो.

४६ सालच्या सुमारास सिसेरोने तिला सोडले. प्लूटार्कने त्याची कारणे दिली आहेत. युद्धात तिने त्याची आबाळ केली, वाटखर्चाची सोय केली नाही, मुलीला नीट सोबत न देता लांबच्या प्रवासास जाऊ दिले, घर रिते केले आणि वर मोठी कर्जे करून ठेवली. टेरेन्शियाने हे सर्व नाकारले, असेही तोच लिहितो, आणि तिची बाजू सिसेरोनेच बळकट केली. थोड्याच दिवसांत, साठीला टेकला असता, त्याने पब्लिलिया नावाच्या अगदी कोवळ्या मुलीशी लग्न केले. टेरेन्शिया म्हणे की तिच्या रूपावर भुलला. सिसेरोचा विश्वासू लेखनिक टायरो ह्याने निराळे लिहून ठेवले. मुलगी श्रीमंत होती, तिच्या मालमत्तेचा विश्वस्त सिसेरोच होता, आणि कर्ज फेडण्यासाठी हे लग्न करण्याचा सल्ला त्याला आप्तमित्रांनी दिला. धन्याचा कैवार घेणाऱ्या लेखनिकाला पैशासाठी लग्न केले हे सांगणे रूपासाठी केले म्हणण्यापेक्षा अधिक अब्रूचे वाटले! त्या काळच्या रोमचे हे मोजमाप ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे अँटनीने मात्र म्हातारपणापर्यंत साथ दिलेल्या बायकोला घराबाहेर काढल्याबद्दल सिसेरोस टोमणा मारला. तो टोमणा वैऱ्याचा असला तरी खोटा म्हणता येत नाही.

पहिल्या बायकोचा चार लाखांचा हुंडा परत करावयाचा, म्हणून दुसरीचा हुंडा घरात आणावयाचा; एका सावकाराचे देणे दुसऱ्याच्या पैशाने भागविण्याचाच हा प्रकार. व्यापारात त्याला एक नाव आहे आणि ते अब्रूचे नाही.

त्याच ४६ सालच्या अखेरीस टुलियाची फारकत झाली. ती गरोदर होती. ४५ च्या जानेवारीत तिला मुलगा झाला. त्या महिन्यात सिसेरोने एका परिचितास लिहिलेल्या पत्रात दोन वाक्ये आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. आशय असा: टुलियाच्या बाळंतपणामुळे रोममध्ये थांबलो होतो, आता तिची प्रकृती सुधारत आहे असे वाटते, तरी डोलाबेलाच्या मुखत्यारांकडून पहिला हप्ता वसूल होईपर्यंत येथून हलता येत नाही. बाळंतपण आणि हप्ता, एकाच श्वासात. लेक खोलीत निजलेली, आणि बाप दारात वसुलीसाठी उभा. ह्यात सिसेरो कठोर होता असे कोणी समजू नये. ते पैसे टुलियाचे होते, तिच्यासाठीच तो उभा होता.

फेब्रुवारीत टुस्कुलम येथील घरी टुलिया वारली. मुलगाही फार दिवस जगला नाही.

त्यानंतरच्या सिसेरोच्या शोकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही ते पुन्हा लिहीत नाही. तो आस्टुरा येथील एकांतात जाऊन राहिला आणि मुलीच्या नावाने एक देवस्थान उभारण्याचा ध्यास त्याने घेतला. त्यासाठी टायबर नदीपलीकडे बाग हवी, बागेसाठी पैसा हवा, पैशासाठी कोणाकोणाकडून येणे आहे त्याची यादी हवी, अशी पत्रांवर पत्रे अ‍ॅटिकसला जाऊ लागली. देवस्थान झाले नाही. पब्लिलिया ह्या मरणाने मनात सुखावली असा संशय त्यास आला, असे प्लूटार्क म्हणतो. ती आई-भावासह भेटीस येणार असे कळताच सिसेरो तेथून निसटण्याच्या वाटा शोधू लागला. तिलाही त्याने सोडले. कर्ज फेडण्यासाठी केलेल्या लग्नाचा हुंडा आता परत करावयाचा होता. ४४ च्या उन्हाळ्यातही पब्लिलियाच्या माणसांशी तो हिशेब चालूच होता. घरात येणारा पैसा डोलाबेलाकडून यावयाचा, जाणारा पैसा टेरेन्शिया आणि पब्लिलिया ह्यांच्याकडे जावयाचा. तीन मोडलेल्या विवाहांचे हप्ते एकाच वहीत, आणि त्यातले वेळेवर येणारे एकही नाही. शिवाय मुलगा अथेन्सला शिकत होता. त्याचा वर्षाचा ऐंशी हजारांचा खर्च अर्जिलेटम आणि अ‍ॅव्हेंटाइन येथील घरभाड्यांतून भागवावयाचा होता.

४४ च्या मार्चमध्ये सीझरचा खून झाला आणि डोलाबेला कॉन्सल बनला. एप्रिलअखेर त्याने फोरममधील सीझरच्या नावाचा स्तंभ पाडून दंगेखोरांस शिक्षा केल्या, तेव्हा सिसेरोने त्यास स्तुतीचे असे पत्र लिहिले की अ‍ॅटिकसलाही ते अती वाटले. ह्यावर सिसेरोचे उत्तर मोठे गमतीचे आणि तितकेच केविलवाणे आहे. अरे, हा मनुष्य मला प्रिय कसा असेल? जानेवारीच्या पहिलीला द्यावयाचे पैसे अजून दिले नाहीत, आणि तेही ऑप्स देवीच्या देवळातल्या सरकारी ठेवीच्या मदतीने स्वतःचे प्रचंड कर्ज उडवून दिल्यानंतर! स्तुती राजकारणाची होती. तगादा घरचा होता. दोन्ही एकाच मनुष्यास एकाच महिन्यात.

त्या शरद ऋतूत सिसेरो मुलासाठी कर्तव्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहीत होता. त्यात कर्जमाफीवर कडक टीका आहे. दिलेल्या शब्दावरील विश्वासाइतके राज्यास बांधून ठेवणारे दुसरे काही नाही, असा त्याचा सिद्धांत आहे. तत्त्वज्ञान म्हणून तो शतकानुशतके शिकविला गेला. आम्ही मात्र तो वाचताना डोलाबेलाचा हप्ता विसरू शकत नाही. ज्याच्या मुलीचे पैसे अडकले आहेत अशा बापाच्या हातचे ते वाक्य आहे, म्हणून ते खोटे ठरत नाही. उलट ते कोठून आले हे कळते.

अ‍ॅटिकसला लिहिलेली आज उपलब्ध असलेली पत्रे ४४ च्या अखेरीस थांबतात. शेवटच्या पत्रात राजकारण थोडे आणि हिशेब फार आहे. डोलाबेला आता अँटनीने विकत घेतलेला उघड वैरी झाला होता. त्याच्यावर दावा लावावा, की त्याच्या जामिनदारांस धरावे, ह्याची चर्चा आहे. येणी पुष्कळ दिसतात, परंतु हाती रोकड नाही आणि देण्याची मुदत आली आहे, ही तक्रार आहे. रोम त्या वेळी सिसेरोस सुरक्षित नव्हते. तरी तो लिहितो की आपण आगीत शिरत आहोत. राजकारणात पडण्यापेक्षा खाजगी व्यवहारात पडणे अधिक लाजेचे. म्हणजे मृत्यूच्या वर्षभर आधी ह्या मनुष्यास रोमकडे खेचणाऱ्या गोष्टींत दिवाळ्याची भीतीही होती. आणि ह्याच पत्रात टेरेन्शियाचा उल्लेख येतो. तिच्याविषयी तर काय सांगावे? जमले तर मुदतीच्या आधीच तिचे पैसे देऊन टाक.

पुढल्या वर्षी जुलैत सीरियातील लाओडिसिया येथे वेढ्यात सापडून डोलाबेलाने आपल्याच माणसाकडून मरण घेतले. ७ डिसेंबर ४३ रोजी सिसेरो फॉर्मियाजवळ मारला गेला. टेरेन्शिया एकशे तीन वर्षे जगली.